सब्र आणि सातबारा

गेल्या काही वर्षांत आपल्या वऱ्हाडात प्रेरणादायी व्याख्यानांचा धंदा चांगलाच वाढला आहे. अकोला-अमरावतीतच नव्हे, तालुक्याच्या गावीसुद्धा. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पतसंस्थेचा मेळावा असो की कृषी प्रदर्शनाचा मांडव, कानाला माइक लावलेला एक गृहस्थ येरझाऱ्या घालत सांगत असतो की संकट हीच संधी आहे, सोनं आगीत पडल्याशिवाय उजळत नाही, आणि आयुष्यानं तुम्हाला पाडलं तर समजा की ते तुम्हाला उंच उडवायच्या तयारीत आहे. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं सोयाबीन त्याच वर्षी पाण्यात गेलेलं असतं. टाळ्या मात्र जोरात पडतात. आपल्याकडे पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नाही.

आम्हा मुसलमानांची गोष्ट वेगळी आहे असं कुणी समजू नये. आमच्याकडे हेच जुम्म्याच्या बयानात उर्दूतून होतं. तिथे संधीऐवजी 'आजमाइश' हा शब्द येतो, म्हणजे परीक्षा, आणि त्यावरचा उपाय म्हणून 'सब्र'. शब्द दोन्ही मोठे आहेत, माझ्या श्रद्धेचे आहेत, मी ते टाकणार नाही. पण ज्या पद्धतीनं ते वापरले जातात त्याबद्दल मला बरेच दिवस काही म्हणायचं आहे.

कठीण काळातून माणूस काही मिळवतो का? मिळवतो. नाकारण्यात अर्थ नाही. वऱ्हाडात तर ते नाकारताच येणार नाही, कारण ज्याच्या नावानं आमचं अमरावतीचं विद्यापीठ ओळखलं जातं तो माणूस अख्खा अशाच काळातून घडलेला आहे. फक्त तो कसा घडला हे आपण नीट बघत नाही. खराटा आणि डोक्यावरचं गाडगं तेवढं बघतो.

गाडगेबाबा, म्हणजे देबुजी झिंगराजी जानोरकर, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परीट घरात जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले. आई पोराला घेऊन भावाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाच्या घरी देबुजी गुरं राखायला शिकला, मग नांगर धरायला. मामाची जमीन होती, आणि वऱ्हाडात त्या काळी जमीन असलेल्या माणसाच्या ओट्यावर आज ना उद्या सावकार येऊन बसायचाच. कापसाला भाव आला की कर्ज, भाव पडला की त्याच कर्जावर दुसरं कर्ज. मामाला वाचता येत नव्हतं. पैसे भरले जात होते, पण कशाचे किती भरले आणि किती उरले ते वहीत लिहिणारा सावकार, आणि वही वाचणाराही सावकारच. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेला. पुढे सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा देबुजी नांगर सोडून बाजूला झाला नाही, असं त्यांची चरित्रं सांगतात.

इथे थांबावंसं वाटतं. व्याख्यानवाल्याच्या हाती ही गोष्ट दिली तर तो म्हणेल: पाहा, दारूनं बाप गेला, सावकारानं जमीन नेली, म्हणून तर संत घडला! आता त्याच काळातला विचार करा. बाप दारूनं गेलेली आणि मामाची जमीन सावकारानं नेलेली पोरं एकट्या मूर्तिजापूर भागात किती असतील? दुःख तर सगळ्यांच्याच वाट्याला आलं. त्यातली बरीचशी पोरं पुढे स्वतः दारू प्याली, कर्जात गेली आणि त्यांच्या पोरांनी पुन्हा गुरं राखली. दुःखाच्या अंगी शिकवायचा गुण असता तर वऱ्हाड एव्हाना जगातला सगळ्यात शहाणा मुलूख व्हायला हवा होता.

देबुजीनं केलं ते वेगळं. त्यानं आपल्या दुःखाची चौकशी केली. बाप का मेला? दारूनं. दारू घरात कुठून येते? बारशाला, लग्नाला, देवाच्या नावानं कापलेल्या बकऱ्यासोबत येते. म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यानं मटण-दारूची पंगत मोडून गोडाचं जेवण घातलं. जातीचे लोक नाराज झाले. जमीन का गेली? मामाला वाचता येत नव्हतं म्हणून. १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडल्यानंतर पुढची पन्नास वर्षं त्यांची कीर्तनं ह्याच दोन-चार प्रश्नांभोवती फिरत राहिली. ते सांगत नसत, विचारत. शेकडो लोकांच्या घोळक्यात एखाद्या शेतकऱ्याला उभं करून वऱ्हाडीतच विचारायचे, आणि तो माणूस स्वतःच्याच तोंडानं कबूल करायचा की देवाला बकरं कापायला आपण कर्ज काढतो आणि पोराच्या पाटीला पैसे नाहीत म्हणतो.

ऋणमोचनचं बघा. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी हे गाव आहे, पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नावातच कर्जमुक्ती. लोक नदीत बुडी मारून ऋण फेडायला यायचे. बाबाही तिथे वर्षानुवर्षं गेले, पण काठावरच्या चिखलात बायाबापड्या घसरून पडतात हे त्यांना दिसलं, आणि ते तिथे घाट बांधायच्या मागे लागले. यात्रेला येणाऱ्या गोरगरिबांना जेवू घालू लागले. बुडीनं सावकाराचं देणं फिटत नाही, हे ज्याच्या मामाची जमीन गेली त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, त्यातही मला दापुऱ्याचाच हिशेब दिसतो: अक्षर नसल्यानं गेलेली जमीन अक्षरानंच परत येणार होती.

त्यांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग वऱ्हाडात घरोघरी सांगितला जातो. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांना एकुलत्या तरण्या मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग ऐकताना माणसं डोळे पुसतात, माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्याचा जो उपयोग केला जातो तो मला मान्य नाही. "बघा, पोरगा गेला तरी बाबा हलले नाहीत आणि तुम्ही एवढ्या तेवढ्यासाठी रडता." बाबा हलले की नाही हे त्या मांडवातल्या लोकांना काय माहीत? आणि कुंताबाईंचं काय? गोविंदाची आई त्या दिवशी रडली की नाही, किती दिवस जेवली नाही, हे कुणी सांगत नाही. आपल्या संतकथांत बायकांच्या दुःखाला फार जागा नसते. बापाचं न रडणं गाजतं आणि आईचं रडणं घरच्या घरी राहतं.

सब्राबद्दल आमच्याकडे नेमका हाच गोंधळ आहे. न रडणारा तो साबिर, प्रश्न न विचारणारा त्याहून मोठा साबिर. पण ज्यांच्या तोंडी कुरआनात सब्राला 'सुंदर' हे विशेषण आलं आहे ते कोण? हजरत याकूब. यूसुफचा बाप. आणि ह्या साबिर बापाचे डोळे रडून रडून पांढरे पडले, हेही त्याच सूरहमध्ये आहे. इतकंच नाही. इतक्या वर्षांनंतर, सगळे जण वेड्यात काढत असताना, ते आपल्या मुलांना सांगतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा तपास लावा, निराश होऊ नका. म्हणजे रडणंही आहे, विश्वासही आहे आणि तपासही आहे. ह्यातला मधला भाग तेवढा आम्ही उचलला. खुद्द प्रेषितांचा (स.) मुलगा इब्राहिम अगदी लहानपणी गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पाहणाऱ्याला नवल वाटलं तर त्यांनी ह्या अश्रूंना दया म्हटलं. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या दुःखात सूर्यही काळवंडला. त्यांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं: कुणाच्या जन्ममरणानं सूर्याला ग्रहण लागत नसतं. पोटचं पोर गेलेल्या दिवशी, लोक त्या मरणाला आकाशाएवढा अर्थ द्यायला तयार असताना, तो अर्थ नाकारणं. मला सब्राचं ह्याहून मोठं उदाहरण ठाऊक नाही.

अरबीत सब्र शब्दाच्या मुळाशी आवरणं, धरून ठेवणं असा अर्थ आहे. त्याच अक्षरांपासून कोरफडीच्या कडू रसाचंही नाव होतं. कडू आहे हे कबूल करूनच तो रस घ्यायचा असतो. गोड आहे म्हणून सांगणारा हकीम लबाड.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली. संचारबंदी लागली. ज्यांचं पोट रोजच्या हातगाडीवर, रिक्षावर, गवंडीकामावर, त्यांची चूल दोन्ही धर्मांच्या मोहल्ल्यांत थंड पडली. तेव्हा आमच्याकडची पोक्त माणसं सब्र सब्र म्हणत होती. त्यांचं चूक नव्हतं, त्या रात्री पोरांना घरात ठेवणं हाच सब्र होता. पण संचारबंदी उठल्यावरही तोच शब्द पुन्हा आला, ह्या वेळी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघालेल्याला परत फिरवण्यासाठी. जळालेल्या दुकानाचा पंचनामा करून घेण्यासाठी तहसीलला खेपा घालाव्या लागतात, ते कष्ट सब्रात बसतात. घरी बसून नशिबाला बोल लावणं बसत नाही. एवढा साधा फरक आमच्या बयानांतून कधी ऐकू येईल याची मी वाट पाहतो आहे.

त्याच अकोल्यात २०२० चा उन्हाळाही आम्ही पाहिला. तबलिगी जमातच्या बातम्यांनी टीव्ही पेटलेला, भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घेतली जात होती. कोविडनं माणसं मरत होती आणि भीतीनं कितीतरी घरची माणसं अंत्यविधीला यायला तयार नव्हती. त्या वेळी अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीचे स्वयंसेवक पुढे आले. मे महिन्यात एका वयोवृद्ध हिंदू गृहस्थाच्या घरच्यांनी यायला नकार दिला तेव्हा ह्या मुसलमान पोरांनी चिता रचली आणि अग्नी दिला. ती बातमी देशभर गेली. बातमीत 'एकतेचं दर्शन' वगैरे होतं, मला त्यात रस नाही. चांगला मुसलमान असल्याचा दाखला अशा प्रसंगी आमच्याकडून नेहमीच मागितला जातो आणि तो देऊन देऊन आम्ही थकलो आहोत. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. प्रेताला गुसल घालणं, कफन चढवणं, जनाजा उचलणं हे आमच्याकडे जमातीचं, पडेल त्याचं काम असतं. पण सरण कसं रचायचं, लाकडं किती लागतात, आधी काय ठेवायचं, हे त्यांना कुठून येणार? ते त्यांनी त्या दिवसांत स्मशानभूमीत उभं राहून शिकून घेतलं असणार. पीपीई किटमध्ये, वऱ्हाडातल्या मे महिन्यात. कोविडनं शहाणपण वाटलं नाही. त्याच शहरात त्याच कोविडनं माणसं पोटच्या नात्यालाही घाबरली. ज्यांनी हात लावला ते तेवढे शिकले.

आता थोडं घरचं सांगावं लागेल, कारण हे सगळं मी पुस्तकातून म्हणत नाही. अब्बा गेले तेव्हा मी आठवीत होतो. ते एका जिनिंग फॅक्टरीत कामाला होते, हंगामात रात्रपाळी, रुईच्या धुळीनं छाती भरलेली. अम्मी इद्दतीत बसली, चार महिने दहा दिवस. घर बायकांनी भरून जायचं आणि प्रत्येक जण तेच म्हणायची: सब्र कर, अल्लाह बेहतर करेगा. अम्मी मान हलवायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या मावशी आल्या, भाकरीचं टोपलं घेऊन. त्यांचा नवराही त्याच फॅक्टरीत होता. अम्मीजवळ बसल्या, तिचं रडणं होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "रडून घे भाभी, पन त्यायचे कागदं कुठी ठेवले हायेत ते सांग मले." ट्रंकेतून कागद निघाले. अम्मीला उर्दू येत होतं, मराठी-इंग्रजी अक्षर नाही. कोणता कागद फंडाचा, कोणता पगाराचा, कोणता नुसताच जुना कॅलेंडरचा, हे मी आणि मावशींनी जमिनीवर पसरून लावलं. फॅक्टरीत त्या इद्दतीभर अम्मीच्या वतीनं त्याच जात राहिल्या. फंडाचे पैसे मिळायला दोन वर्षं लागली. खेपा किती झाल्या ते मोजले नाही.

त्या दोन वर्षांत अम्मी देवनागरी शिकली. माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठ्यपुस्तकातून. आज मोहल्ल्यातल्या निराधार योजनेच्या, शिष्यवृत्तीच्या, रेशनकार्डाच्या अर्जांसाठी बाया तिच्याकडे येतात आणि ती चष्मा चढवून एकेक रकाना भरून देते. कुणी कौतुकानं म्हणतं, दुःखानं तुम्हाला किती खंबीर केलं. एकदा मीही तसंच काहीतरी बोललो. तिनं पेन खाली ठेवलं. "तेरे अब्बा रैते तो मैं ये कुछ बी नै सीखती थी. और मेरेकू चल जाता था."

दुःखातून आलेल्या वाढीविषयी कुणी व्याख्यान द्यायला उभं राहिलं की मला हे वाक्य आठवतं. जे मिळालं ते खरं आहे. पण ते गेलेल्याची किंमत म्हणून मिळालेलं नाही, आणि तो सौदा कुणी विचारला असता तर तिनं केला नसता. मिळालं ते काय आहे हे सांगायचा हक्क फक्त तिचा. बाहेरच्यानं, तेही पाचव्या दिवशी, "ह्यातून काहीतरी चांगलंच होईल" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात जाऊन पीक मोजणं आहे, पेरणीही झालेली नसताना.

आणि आपल्या भागात हे पाचव्या दिवशीचं बोलणं सगळ्यात जास्त कुणाला ऐकावं लागतं? अमरावती विभागाचे पाच जिल्हे शेतकरी आत्महत्यांनी देशभर ओळखले गेले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इथे येऊन गेले, ह्या पाच आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षीच्या राज्य सरकारच्या निर्णयानं आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी मरण आधी 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. ठेक्यानं शेती करणाऱ्याचं मरण ह्यात अडकतं, सोयऱ्याकडून किंवा कृषी केंद्रातून उधारी घेतलेल्याचंही अडकतं. फाइलवर 'अपात्र' असा शेरा पडतो. बाईनं नवरा गमावल्यावर तिचं दुःख सरकारी मापात बसलं नाही म्हणून तिला परत पाठवलं जातं, आणि गावात कुणीतरी तिला सांगतं की देव परीक्षा पाहतो.

दापुऱ्याच्या मामाला पावती मिळत नव्हती. आज कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे सावकारीच्या व्यवहारात बेकायदा बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशी होते आणि खरेदीखत रद्दही होऊ शकतं. अकोला-अमरावतीत हे कलम माहीत असलेली शेतकऱ्याची विधवा मला अजून भेटायची आहे. सब्र माहीत नसलेलीही भेटलेली नाही.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं प्रकरण सध्या असंच अडकलं आहे. नवऱ्यानं विष घेतलं त्याला वर्ष झालं, प्रकरण अपात्र ठरलं, कारण तीन एकर अजून सासऱ्याच्याच नावावर आहे आणि दोन एकर खाजगी कर्जापोटी खरेदीखत करून दिलेलं. त्या अम्मीकडे दुसऱ्याच कामाला, पोरीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला आल्या होत्या. अम्मीनं त्यांना चहा दिला, बराच वेळ काही विचारलं नाही. मग विचारलं, कागद कुठे आहेत? फेरविचारासाठी अर्ज द्यायचा आणि जमिनीचा वेगळा, असं आता ठरलं आहे. मी त्यांना यादी लिहून दिली: सातबारा, फेरफार, खरेदीखताची नक्कल, शवविच्छेदन अहवाल, बँकेची नोटीस आली असेल तर ती. नवऱ्याच्या वहीत पेन्सिलनं लिहिलेले आकडे आहेत, ते चालतील का असं त्या विचारत होत्या. वहीसुद्धा आणा म्हटलं. सोमवारी अकराला यायचं ठरलं आहे. मूर्तिजापूरहून सकाळची पॅसेंजर मिळाली तर त्या दहालाच पोचतात.